डिकीचा पडदा

कमळाकर: ...सात. थांब. आता तू धर, मी माझी पक्कड बदलतो. धरलीस?

वैजयंती: धरली. आप्पा, जाम खेचतेय हो ही.

कमळाकर: खेचणारच. नाहीतर ओढलेला पडदा आपोआप आत कसा जाईल? या नळीत स्प्रिंग आहे, तिला पीळ भरला की पडदा गुंडाळून घेते. मूळची मेली होती. ही मी कंपनीच्या भंगारातून आणलेली, प्रेस मशीनपुढं संरक्षक जाळी असते ना, तिची.

वैजयंती: म्हणजे ही या गाडीची नाहीच?

कमळाकर: गाडीची मिळते कुठं? मॅनेजरसाहेबांनी ही गाडी परदेशातून आणली, वापरून वापरून खिळखिळी केली, मग कंपनीनं लिलावात काढली आणि मी घेतली. तिचं इथं काही मिळत नाही. जे मिळत नाही ते फिटर बनवतो. आठ.

वैजयंती: पण ही जरा जास्तच दांडगी वाटतेय. आणि मी डिकीत मांडी घालून बसलेय. सोसायटीतलं कुणी बघितलं तर म्हणेल, सासऱ्यानं सुनेला डिकीत कोंडलं.

कमळाकर: दार वर उघडं आहे. कोंडायचं असतं तर लावून घेतलं असतं. नऊ. चहा घेतलास का तू?

वैजयंती: घेतला. तुम्हीपण घेतलात, माझ्याबरोबरच.

कमळाकर: हां, हां. तर हा पडदा उद्याच्या आत झालाच पाहिजे बघ. मागल्या वर्षी पेणहून गणपती आणला तो पंचा टाकून. प्रत्येक वळणाला पंचा घसरायचा आणि ईश्वरी मागं वळून ओरडायची, आजोबा, बाप्पाचं तोंड उघडं पडलं. घरी येईपर्यंत मूर्तीचं तोंड कुणाला दिसू नये. आमच्याकडं पाळतात. सव्वा फुटाची मूर्ती, पडद्याखाली नेमकी मावते. एकदा ओढला की काम झालं. थांब, धर. हं. सोड आता.

वैजयंती: उद्या तुम्ही दोघंच जाणार?

कमळाकर: दरवर्षी दोघंच जातो. ती पुढं बसते, मी चालवतो. नंदूला ड्युटी, तुला ऑफिस. धर. हं.

वैजयंती: मी म्हणत होते, नंदू रविवारी मोकळा असतो...

कमळाकर: मूर्ती उद्या न्यायची असं कळवलंय कारखान्यात. कितवा हा?

वैजयंती: अकरावा.

कमळाकर: नववा. मी नऊ म्हणालो.

वैजयंती: नऊ म्हणालात, मग गणपतीचं बोलता बोलता दोन फिरवलेत. मी मनात मोजतेय.

कमळाकर: एकतीस वर्षं मोजतोय मी. तुझं लग्न व्हायच्या आधीपासून.

वैजयंती: हो, पण अकरा झालेत आप्पा.

कमळाकर: तू मध्ये मध्ये बोलतेस म्हणून.

वैजयंती: बरं, नाही बोलत.

कमळाकर: ...अकरा? नक्की?

वैजयंती: नक्की.

कमळाकर: बरं. अकरा. त्याचं काय आहे, चौदाच्या वर गेलो तर आतली पट्टी तुटते. आमच्याकडं विलास होता, चांगला कारागीर. एक फेरा जास्त दिला त्यानं. डोळा गेला. अशा कामात अंदाज चालत नाही. बारा.

वैजयंती: हे आधी सांगायचं ना.

कमळाकर: आधी सांगितलं असतं तर तू खाली आली असतीस का? तेरा. दोन्ही हातांनी धर. अंगठा वर नको, आत घे. हं. आणि चौदा. बास. आता या भोकातून कॉटर पिन घातली की पीळ बंद झाला, मग पकडीची गरज नाही. पिन... पिन कुठं ठेवली मी?

वैजयंती: खिशात बघा.

कमळाकर: नाहीये. वर राहिली. बिस्किटाच्या डब्यात. आणतो.

वैजयंती: आप्पा, आधी पीळ सैल करू, मग जा.

कमळाकर: परत सगळं उलगडायचं? दोन मिनिटांचं काम आहे. ऐक, पक्कड सोडायची नाही. बाजूला टेकवायची पण नाही, ते प्लास्टिक कुजलंय, फुटेल. सुटली तर गरकन फिरेल आणि तुझं तोंड बरोबर तिच्या समोर आहे.

वैजयंती: मग तुम्ही धरा, मी जाते वर.

कमळाकर: तुला पिन ओळखू यायची नाही, डब्यात शंभर प्रकारच्या आहेत. दोन मिनिटं. हा आलोच.

(वीस मिनिटं.)

वैजयंती: आप्पा... आप्पा, मिळाली का? नसेल मिळत तर तसेच या खाली. माझ्या बोटांना मुंग्या आल्यात. आप्पा... अहो, कुणी आहे का? पहिल्या मजल्यावर कुणी आहे का? सगळे मॅच लावून बसलेत. देवा, ही सरकतेय. हाताला घाम आलाय. नाही, नाही सरकत. तोंड बाजूला घेऊ तर हात वळत नाहीत... ते पडले तर नसतील जिन्यात? आप्पा... मला भीती वाटतेय हो. या ना. गेटवर वॉचमन तरी असतील. हिरामणकाका... हिरामणकाका...

हिरामण: वरडताव कशाला ताई? मी तुमच्याकंच येत व्हतो. तुमचे आप्पा तिकडं गेटावर उभे हायेत.

वैजयंती: गेटवर? ते वर गेलेत, पिन आणायला.

हिरामण: वर नाय, गेटावर. मना इचारतान, कंपनीची बस गेली का. मी बोललो, आप्पा, ती बस कवाच बंद झाली, तुमी रिटायर झाले. त मनाच दम देतान. बोलतान, दुसरी शिफ्ट हाय, तुर्भ्याला पोचाचा हाय, उशीर झाला. काखत जेवनाचा डबा पन हाय.

वैजयंती: तो जेवणाचा नाही, काका. खिळे-पिनांचा डबा आहे तो.

हिरामण: आता काय बोलावा. ताई, आना, मी धरतो ता.

वैजयंती: नाही. हात बदलताना सुटेल. तुम्ही मला सोडा, आप्पांना धरा. गेटच्या बाहेर ट्रकचा रस्ता आहे. ते बस शोधत रस्त्यावर उतरतील. जा, पळत जा.

हिरामण: ते आयकनार नाय माजा. मगाशी हात लावला त झटकला.

वैजयंती: मग हात नका धरू. त्यांना सांगा... सांगा, खात्यात मशीनवर एक जण अडकलाय. फिटर पाहिजे. असंच सांगा, फिटर पाहिजे.

हिरामण: खोटा बोलू?

वैजयंती: खोटं कुठंय, काका? मी अडकलेच आहे. जा लवकर.

हिरामण: जातो, जातो. तुमी घट धरा.

वैजयंती: येतील. आत्ता येतील. अंगठा आत. वर नाही, आत. येतील...

कमळाकर: कुठं आहे? कोण अडकलंय? मेन स्विच बंद केला का?

हिरामण: हतं, हतं. या गारीन बगा.

कमळाकर: बाजूला हो. गर्दी करायची नाही. कोण तू? इथं कुणी लावलं तुला? आमच्या खात्यात बायका नसतात.

वैजयंती: आप्पा, मी...

कमळाकर: नाव काय तुझं?

वैजयंती: ...वैजयंती.

कमळाकर: नवीन आहेस?

वैजयंती: हो. नवीन आहे.

कमळाकर: बरं, ऐक वैजयंती. माझ्याकडं बघू नकोस, पकडीकडं बघ. किती फेरे भरलेत?

वैजयंती: चौदा.

कमळाकर: कुणी मोजले?

वैजयंती: मी मोजले.

कमळाकर: शाबास. मोजणारा माणूस मला आवडतो. घाबरलीस?

वैजयंती: हो. खूप.

कमळाकर: चांगलं आहे. न घाबरणाऱ्यांनीच बोटं घालवलीत इथं. मी आता दुसरी पक्कड लावतो, तुझ्या हाताच्या मागं. लागली. तू अजून सोडू नकोस. कॉटर पिन लागेल. कुठं ठेवतात इथं?

वैजयंती: तुमच्या काखेतल्या डब्यात.

कमळाकर: हा तर माझा... हां. आहेत. ही नको, ही जाड. ही. भोक दिसत नाही मला, जरा डावीकडं घे. केसभर. अजून. बास. गेली. टोकं वाकवतो. एक. दोन. आता आधी उजवा हात सोड.

वैजयंती: सुटत नाहीये. बोटंच उघडत नाहीत.

कमळाकर: घाई नाही. एकेक बोट उघड. करंगळीपासून. हं, अशी. आता डावा. झालं. बस टेकून.

हिरामण: ताई, तुमची बोटा त पांढरी झाली. मी पानी आनतो.

कमळाकर: आण. साखर घालून आण. आणि येताना सुपरवायझरला बोलाव. मला विचारायचंय, नवीन माणसाला भरलेल्या स्प्रिंगवर एकटं ठेवून कोण गेला?

वैजयंती: जाऊ द्या ना.

कमळाकर: जाऊ द्या काय? तोंड फुटलं असतं तुझं. असा माणूस खात्यात ठेवता कामा नये. मी लिहून देतो तसं. कोण होता, नाव सांग.

वैजयंती: नाव नका विचारू.

कमळाकर: घाबरतेस त्याला?

वैजयंती: नाही हो. तो चांगला आहे. दोन मिनिटांत येतो म्हणाला होता.

कमळाकर: आणि आला नाही?

वैजयंती: आला. उशीर झाला त्याला, पण आला.

कमळाकर: तू रडतेस का पण? आता सुटलीस ना. उगी. पदर घे, डोळे पूस. ...हे पातळ. हे पातळ मी आणलंय. नंदूच्या आईबरोबर जाऊन, तुला पहिल्या दिवाळीला.

वैजयंती: हो, आप्पा.

कमळाकर: वैजू?

वैजयंती: हो. मीच.

कमळाकर: तू... पिन लागली? मी वर गेलो होतो पिन आणायला.

वैजयंती: लागली. तुम्हीच लावलीत, आत्ता.

कमळाकर: हो, लावली. हात काळे झालेत माझे. हिरामण का धावतोय तिकडं?

वैजयंती: पाणी आणायला गेलाय.

कमळाकर: वैजू, मी किती वेळ गेलो होतो?

वैजयंती: थोडा वेळ.

कमळाकर: फिटरशी खोटं बोलू नये. किती?

वैजयंती: वीस मिनिटं. जास्तच थोडी. तुम्ही गेटवर उभे होतात. कंपनीच्या बसची वाट बघत.

कमळाकर: कंपनीची बस. अरे देवा. आणि तू इथं धरून बसली होतीस. चौदा फेरे. दाखव हात. दाखव गं. काय केलं मी हे.

वैजयंती: काही झालं नाही. वळ उठलेत नुसते.

कमळाकर: काही झालं नाही म्हणजे काय? विलासचा डोळा माझ्यासमोर गेलाय. मी तुला सांगून गेलो, सुटली तर तोंडावर येईल, आणि विसरलो? पिन नाही, तुलाच विसरलो? तू इथं आहेस हेच विसरलो?

वैजयंती: आप्पा, हे पहिल्यांदा झालं का?

कमळाकर: पाणी येऊ दे आधी.

वैजयंती: पाणी येईल. सांगा ना.

कमळाकर: ...नाही. मागल्या महिन्यात भाजी आणायला गेलो होतो. जुईनगर स्टेशनच्या बाहेर गाडी लावली, भाजी घेतली, परत येऊन बसलो आणि घर कुठल्या बाजूला तेच कळेना. रस्ता दिसत होता, दुकानं दिसत होती, सगळं ओळखीचं. पण त्यातलं आपलं कुठलं ते कळेना. काचा वर करून बसून राहिलो. कुणाला विचारायचं आणि काय विचारायचं? माझं घर कुठंय म्हणून?

वैजयंती: किती वेळ?

कमळाकर: कोथिंबीर मलूल होईपर्यंत. मग आपोआप आलं ध्यानात. घरी आलो, तू विचारलंस उशीर का, मी म्हणालो गर्दी होती.

वैजयंती: मला वाटलंच होतं काहीतरी. दोनदा चहा विचारता, एकच गोष्ट परत सांगता. पण मीच मनाला समजावत होते, वय झालं, होतं असं. मीपण घाबरलेच होते आप्पा, म्हणून बोलले नाही.

कमळाकर: मी तर रोज घाबरतो. सकाळी उठलो की आधी सगळ्यांची नावं म्हणून बघतो. नंदकिशोर, वैजयंती, ईश्वरी. आली की मग चूळ भरायला उठतो.

वैजयंती: आज सकाळी म्हणालात का?

कमळाकर: म्हणालो ना. आली होती सगळी. तरी हे झालं. ...नंदूला सांगणार तू?

वैजयंती: सांगणार. आजच, तो ड्युटीवरून आल्यावर. तुमच्यासमोर सांगेन, पाठीमागं नाही. आणि डॉक्टरकडं जायचं.

कमळाकर: तो गाडी विकेल.

वैजयंती: ते नंतरचं नंतर बघू. पण एक आत्ताच बोलते. राग आला तरी चालेल. उद्या ईश्वरी तुमच्याबरोबर एकटी येणार नाही.

कमळाकर: ऐकलं. बरोबर आहे तुझं. हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. मला म्हणवत नव्हतं. महिनाभर मी हेच करत होतो, पेण, पेण, पडदा, पडदा. हात कामात असले की तो विचार येत नाही. पण रात्री यायचा. गोवा रोडला कुठंतरी मी गाडी थांबवलीय आणि शेजारी पोरगी बसलीय आणि ती विचारतेय, आजोबा, आता कुठं? आणि मी तिच्याकडं बघतोय, ही कोण म्हणून.

वैजयंती: बास आप्पा. नका बोलू.

कमळाकर: बोलू दे. आज बोललो नाही तर उद्या बोलायचं होतं हेपण ध्यानात राहणार नाही.

हिरामण: हा घ्या पानी. साखर नव्हती, पयल्या माल्यावरच्या मालतीबाईंकडना गूल आनला. आप्पा, तुमी पन घ्या. आता बरा वाटतं ना?

कमळाकर: हिरामण, मी तुला दम दिला म्हणे.

हिरामण: दिला त काय झाला? माजा बापूस पन तसाच व्हता सारसोल्याला. होडी कवाच इकली, तरी पहाटं उठून खाडीवर जाचा. आमी आडवीत नसू. कोनतरी मागना जाचा.

वैजयंती: रोज?

हिरामण: रोज. आमी पाच भाऊस. पाली लावली व्हती. येतो मी, गेट उघराच हाय.

कमळाकर: ऐकलंस? त्याच्या मागं पाच जण होते. तुम्ही दोघं, तीही नोकरीवाली.

वैजयंती: बघू. होईल काहीतरी. आत्ता उद्याचं ठरवू या. मूर्ती तर आणायलाच हवी.

कमळाकर: टेम्पोनं मागवू. कारखानेवाला पाठवेल.

वैजयंती: ईश्वरी आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलीय, आमचा बाप्पा स्वतःच्या गाडीतून येतो. मी सुट्टी टाकते. मी चालवते.

कमळाकर: तू? तू वाशीच्या पुढं गेली नाहीस कधी. ट्रक मागं लागला की डोळे मिटतेस.

वैजयंती: मिटत नाही. अर्धे मिटते. आणि शिकवलंय तुम्हीच ना?

कमळाकर: पनवेल सोडलं की नुसते ट्रक आहेत. भीती नाही वाटणार?

वैजयंती: वाटणार. पण घरी बसून खिडकीतून तुमची दोघांची वाट बघण्यापेक्षा ही भीती परवडली. ईश्वरी मागं बसेल, तुम्ही माझ्या शेजारी.

कमळाकर: क्लच अर्धवट दाबायची सवय आहे तुला.

वैजयंती: तिथल्या तिथं ओरडा.

कमळाकर: ओरडेन. ...आणि रस्ता मी सांगतो. पेणचा रस्ता मला पाठ आहे.

वैजयंती: सांगा ना. पण मी पाट्यापण वाचत जाईन हं, आप्पा.

कमळाकर: वाच. मोठ्यानं वाच. मलाही कळू दे, कुठवर आलोय ते.